उत्तर मागे दिले आहे

पदार्थविज्ञानाच्या उदाहरणांत जी सृष्टी वसलेली आहे, तिच्यात एखादी खोली भाड्याने मिळाली तर राहावयास जावे, अशी माझी फार जुनी इच्छा आहे. तेथील दोऱ्यांना वजन नसते, कप्प्यांना गंज चढत नाही, उतरणी इतक्या गुळगुळीत असतात की घर्षणाला पाय ठेवावयास जागा मिळत नाही, आणि हवेचा विरोध तर प्रारंभीच एका ओळीत खारीज केलेला असतो. 'हवेचा विरोध दुर्लक्षणीय मानावा' एवढे फर्मान सुटले की सगळी हवा निमूटपणे बाजूस होते. दुर्दैवाने माझी विद्यार्थिदशा ह्या सृष्टीत न जाता पनवेलजवळच्या खांदा कॉलनीत गेली, जेथे घर्षण विपुल आहे. खांदेश्वर स्थानकाबाहेर उभी असलेली रिक्षा बाह्य बलाचा प्रयोग झाल्याखेरीज आपली विरामावस्था सोडीत नाही, आणि ते बाह्य बल म्हणजे चौथा उतारू होय, हा न्यूटनच्या पहिल्या नियमाचा स्थानिक अर्थ मी बारावीच्या उत्तरपत्रिकेत लिहिला नाही, एवढाच काय तो माझा संयम.

१९७० साली स्थापन झालेल्या सिडको महामंडळाने पट्टी आणि गुण्या हाती घेऊन आखलेल्या ह्या परिसरात अकराव्या सेक्टरात चांगू काना ठाकूर महाविद्यालय आहे. त्यामुळे सकाळच्या प्रहरी रस्त्याने जाणारा दर दुसरा इसम विद्यार्थी असतो, आणि जे उरले, तळोजे नि पाताळगंगेच्या कारखान्यांत कामाला जाणारे, ते आपण पूर्वी विद्यार्थी होतो ही गोष्ट विसरावयास मुळीच तयार नसतात. अशा वस्तीत एखाद्या मुलाचे उदाहरण अडले आहे ही बातमी खासगी राहणे अशक्य. ती चौथ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत कोणत्या त्वरणाने जात असे हे मी कधी मोजले नाही, परंतु पाण्याच्या टाकीत पाणी आल्याची बातमी तिच्या बरीच मागून पोहोचे. आणि मग जो तो, हातातले काम तहकूब करून, 'बघू काय आहे' म्हणत आमच्या घरी येई. आलेला माणूस प्रथम उदाहरण वाची, मग चष्मा पुसून पुन्हा वाची, मग 'आमच्या वेळी हे नववीला होतं' असे म्हणे, आणि चहा घेऊन जाई.

आईला गणित येत नसे, पण गणना उत्तम येत असे. दुपारी चारच्या सुमारास ती स्वयंपाकघरातून विचारी, "किती झाली?"

"चार."

"आणि आहेत किती?"

"साठ."

"मग बोलत काय बसलायस?"

तिच्या लेखी सारी उदाहरणे समान दर्जाची होती. ज्या एका उदाहरणाने माझा सबंध आठवडा खाल्ला तेही एक, आणि ज्यात वेग विचारून लगेच अंतर नि काळ दोन्ही देऊन टाकले होते तेही एकच. ही गोष्ट ध्यानात आल्यापासून मी दुसऱ्या जातीची उदाहरणे अगोदर सोडवू लागलो, आणि घरात माझ्याविषयीचे मत सुधारले.

बाबा एका सरकारी कचेरीत हिशेबाच्या टेबलावर होते. अभ्यासासंबंधी त्यांचे एकच प्रमाण असे, आणि ते म्हणजे रँग्लर परांजपे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे दापोली तालुक्यातील मुर्डी गावचे. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते अव्वल आले आणि सीनिअर रँग्लर हा मान मिळवणारे पहिले भारतीय ठरले. त्या वर्षी तो पहिला क्रमांक त्यांना एका इंग्रज विद्यार्थ्याबरोबर वाटून मिळाला होता, हा तपशील मी शोधून काढून बाबांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी तो दप्तरी दाखल करून घेण्याचे साफ नाकारले.

"मुर्डीला रेल्वे स्टेशन होतं काय?" ते विचारीत.

"नव्हतं."

"मग?"

ह्या 'मग'ला उत्तर नसे. खांदेश्वर स्थानक घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे माझ्यावर केंब्रिजची जी काही जबाबदारी येऊन पडली होती, ती मी निमूटपणे वाहत असे.

आता मुख्य मामल्याकडे वळतो. उदाहरणसंग्रहाच्या अखेरीस उत्तरसूची नावाची काही पाने असतात. ग्रंथकर्त्याचा हेतू असा की विद्यार्थ्याने उदाहरण स्वबुद्धीने सोडवावे आणि नंतर, केवळ रुजुवातीपुरते, मागचे पान उघडावे. ग्रंथकर्ते भाबडे असतात. मी ज्यांना ज्यांना ओळखत होतो, ते सर्व विद्यार्थी पुस्तक मागूनच उघडीत. प्रथम उत्तर पाहावयाचे, मग ते आपल्याला मनातून पटते की नाही ह्याचा विचार करावयाचा, आणि मग तेथवर जाणारी रीत उभारावयाची. बोर्डाच्या परीक्षेत गुण रीतीला असतात, ह्या वचनाचा आम्ही लावलेला अर्थ असा की रीत ही शोधावयाची वस्तू नसून सजवावयाची वस्तू आहे. वरून चार पायऱ्या प्रामाणिकपणे उतरावयाच्या, खालून उत्तर धरून तीन पायऱ्या उलट्या चढावयाच्या, आणि बोगदा दोन्ही तोंडांनी खणावा तशी ही दोन टोके मध्ये कोठेतरी भेटतील अशी आशा धरावयाची. ती बहुधा भेटत नसत. अशा वेळी मधल्या पोकळीवर 'वरील समीकरणास सोपे रूप दिले असता' एवढे शब्द टाकले की त्यांवरून परीक्षकाची नजर पलीकडे सुखरूप जाते, अशी आमची श्रद्धा होती. ह्या सात्त्विक शब्दसमूहाने महाराष्ट्रात जेवढी मुले उत्तीर्ण केली असतील, तेवढी कोणत्याही शिकवणी-वर्गाने केली नसतील.

ह्या वृत्तीमुळेच असेल, पण साऱ्या गणितात मला मनापासून आवडलेली वस्तू एकच, आणि ती म्हणजे देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ह्यांची ६१७४ ही संख्या. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावे, त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि आलेल्या बाकीवर पुन्हा तोच प्रयोग करावा. फार तर सात पायऱ्यांत माणूस ६१७४ वर येऊन उभा राहतो, आणि मग तेथून हलत नाही. कोठूनही निघा, उत्तर ठरलेलेच! उत्तरसूचीच्या भक्ताला ह्याहून मोठा दिलासा तो कोणता? ह्याच कापरेकरांनी १२१, १२३२१ अशा संख्यांच्या एका कुळाला 'डेम्लो' हे नाव दिले, कारण त्या कुळाची कल्पना त्यांना जी. आय. पी. रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर, ज्याला त्या काळी डेम्लोही म्हणत, तेथे सुचली होती. हे वाचल्यापासून मी कित्येक सायंकाळी खांदेश्वर स्थानकाच्या ऐसपैस आवारात वही घेऊन बसत असे. 'खांदेश्वर संख्या' ह्या नावाचा एक गणितीय कुलवंश जगास देण्याची माझी पुरेपूर तयारी होती. परंतु मला तेथे जे काही सुचले ते सर्व वडापावच्या दिशेने जाणारे होते, आणि त्याचे वर्गमूळ निघत नव्हते.

समोरच्या बिऱ्हाडात एक निवृत्त संस्कृत शिक्षक राहत. बाकीचे शेजारी चहा घेऊन जात. हे गुरुजी भास्कराचार्य सांगून चहा घेत. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावती ह्या गणितग्रंथात प्रत्येक उदाहरण कसे रसाळ आहे, आणि आमच्या पुस्तकांत ठोकळे नि कप्प्या ह्यांखेरीज कसे काहीच नाही, ह्यावर त्यांचा कटाक्ष असे. त्यांनी एकदा भुंग्यांचे उदाहरण सांगितले. भुंग्यांच्या थव्याच्या निम्म्याचे जे वर्गमूळ, तेवढे भुंगे मालतीच्या वेलीवर गेले. थव्याचे आठ-नवमांशही गेले. उरला एक भुंगा, जो सुगंधाच्या लोभाने रात्री कमळात कोंडला जाऊन आत गुणगुणतो आहे, आणि बाहेरून त्याला साद देणारी त्याची भुंगी. तर एकूण भुंगे किती? मी मागचे पान शोधू लागलो. मागचे पान नव्हतेच. उदाहरण तोंडी होते. शेवटी गुरुजींनीच सांगितले, बहात्तर. छत्तीसाचे वर्गमूळ सहा, आठ-नवमांश म्हणजे चौसष्ट, आणि हे दोघे. हिशेब चोख जमला. आई दारात परात घेऊन ऐकत उभी होती, ती म्हणाली, "आणि त्या कोंडलेल्याला कुणी बाहेर काढलं की नाही?"

"उदाहरणात तसं विचारलेलं नाही," गुरुजी म्हणाले.

"शोभतं हो तुम्हाला! बसा मोजत," असे म्हणून आई आत गेली, आणि त्या दिवशी गुरुजींना चहा मिळण्यास अंमळ उशीर झाला. चहाची वाट पाहता पाहता त्यांनी आणखी एक माहिती दिली, ती अशी की चाळीसगावाजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि तसा १२०७ सालचा शिलालेख आहे. बाबांनी हे ऐकून माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, त्यात पुढच्या दोन पिढ्यांविषयीची निराशा एकवटली होती.

मामा रसायनीच्या बाजूस एका कारखान्यात नोकरीला होता आणि रविवारी आमच्याकडे येई. त्याच्यापाशी इरोदोवचे पदार्थविज्ञानाच्या उदाहरणांचे पुस्तक होते. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची ती पुस्तके एके काळी इतकी स्वस्त मिळत की ज्यांना पदार्थविज्ञानाशी कर्तव्य नव्हते असे लोकही ती घेऊन ठेवीत. मामाने ते घेतले, सोव्हिएत संघराज्य १९९१ साली लयास गेले, आणि मामा अजून पहिल्याच उदाहरणावर होता. त्यात एक मोटरबोट प्रवाहाच्या दिशेने जाताना एका तराफ्याला मागे टाकते, तासाभराने माघारी वळते, आणि मूळ ठिकाणापासून सहा किलोमीटरवर तिला तो तराफा पुन्हा भेटतो. तर प्रवाहाचा वेग किती? मामाने बोटीच्या वेगाला क्ष मानले होते, प्रवाहाच्या वेगाला य, परतीच्या काळाला झ, आणि समीकरणे दोन होती. उत्तर ताशी तीन किलोमीटर हे त्याला अर्थातच ठाऊक होते. एका रविवारी आम्ही दोघे त्या बोटीला ढकलीत बसलो असता धाकटी बहीण, जी तेव्हा आठवीत होती आणि जिला चित्रकलेच्या गृहपाठासाठी टेबल हवे होते, चिडून म्हणाली, "अरे, तराफ्यावर बसून बघा ना!"

"म्हणजे?"

"तराफ्यावरच्या माणसाला पाणी वाहताना दिसतंच कुठे? बोट तासभर लांब गेली, तासाभरात परत येणार. झाले दोन तास. तेवढ्यात तराफा सहा किलोमीटर गेला. टेबल द्या आता."

मामा काही काळ बोलला नाही. मग त्याने वहीकडे पाहून एवढेच म्हटले की उत्तर जुळत आहे हे खरे, पण ह्यात रीत कोठे आहे? क्ष नाही, य नाही. बोर्ड ह्याला गुण देणार नाही. मलाही ते पटले. टेबल मात्र तिला मिळाले.

ह्यानंतर थोड्याच दिवसांनी ते उदाहरण आले. पुस्तकाचे नाव मी सांगणार नाही. त्याचे कर्ते हयात असतील. उदाहरण वरकरणी सालस होते. तीस अंशांच्या गुळगुळीत उतरणीवर दोन किलोग्रॅमचा ठोकळा आहे. त्याला बांधलेली वजनरहित दोरी उतरणीच्या माथ्यावरील घर्षणरहित कप्पीवरून पलीकडे सोडून तिला तीन किलोग्रॅमचा ठोकळा टांगला आहे. गुरुत्वीय त्वरण ९.८ धरून ठोकळ्यांचे त्वरण काढा. उत्तर मागे दिले होते, ३.५. आणि मी कोणत्याही बाजूने गेलो तरी ३.९२ येत होते. बोगद्याची दोन टोके भेटेनात. 'सोपे रूप दिले असता' हे शब्ददेखील त्या पोकळीवर टिकेनात. संध्याकाळपर्यंत बातमी तळमजल्यावर गेली, आणि रविवार असल्यामुळे पुरा दरबार भरला.

बाबांनी प्रथम कागद ताब्यात घेऊन त्याचा ताळेबंद मांडला. टांगलेल्या ठोकळ्याचे ओढणे २९.४ न्यूटन, जमा. उतरणीवरच्याचे मागे खेचणे ९.८, खर्च. शिल्लक १९.६. पुस्तकाप्रमाणे पाच किलोग्रॅमला ३.५ त्वरण द्यावयाचे म्हणजे वाटप १७.५ चे. तफावत २.१ न्यूटन.

"दोन पूर्णांक एक न्यूटन कुठे गेले?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहत विचारले. जणू काही मीच ते खर्चले होते.

"मला काय ठाऊक?"

"अशा वेळी किरकोळ खाती टाकायचे असतात," असे म्हणून त्यांनी सुवाच्य अक्षरात 'किरकोळ घर्षण, २.१ न्यूटन' ही नोंद केली, खाली दुहेरी रेघ ओढली आणि हिशेब मिटवला. पावसाळ्याचे दिवस होते आणि आमच्या उत्तरेकडच्या भिंतीतून ओल झिरपत होती. त्याच मार्गाने थोडेसे घर्षणही आत आले असावे, ह्या मताला बैठकीत बराच पाठिंबा मिळाला.

मामाला मात्र शास्त्रीय समाधान हवे होते. त्याने उलट बाजूने जाऊन असे काढले की गुरुत्वीय त्वरण ९.८ न धरता ८.७५ धरले तर उत्तर बरोबर ३.५ येते. "आता एवढं कमी गुरुत्व मिळेल कुठे?" असे स्वतःलाच विचारून त्याने कागदाच्या पाठीमागे पुष्कळ भागाकार केला आणि जाहीर केले की जमिनीपासून सुमारे तीनशे सत्तर किलोमीटर उंचीवर मिळेल. उतरण बहुधा तेथे बांधलेली असावी.

"मजले किती होतील?" बाबांनी विचारले.

"तीन मीटरचा एक धरला तर सव्वा लाखाच्या आसपास."

"परवानगी मिळणार नाही. इथे विमानतळ होणार आहे."

विमानतळाच्या नावाने आमच्याकडे तेव्हापासूनच अनेक गोष्टी बंद झाल्या होत्या. त्याचे उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरात झाले, आणि तोवर मामाचे केस पांढरे झाले होते.

खालच्या मजल्यावरचे काका, जे कारखान्यात आरेखनाचे काम करीत आणि जे चहा घेताना कधी बोलत नसत, ते एवढा वेळ पुस्तकातील आकृती निरखीत होते. त्यांनी माझ्या कंपासपेटीतून कोनमापक मागून घेतला, तो उतरणीच्या पायाशी ठेवला, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "सदतीस."

"काय सदतीस?"

"कोन. आकृतीत सदतीस अंशांचा आहे."

"छापलंय काय?" बाबांनी विचारले.

"तीस."

"मग?"

काकांपाशीही ह्या 'मग'ला उत्तर नव्हते. मामाने त्यांना सौजन्याने समजावून दिले की पदार्थविज्ञानातील आकृत्या प्रमाणात नसतात. त्या केवळ कल्पना येण्यासाठी असतात. काकांनी कोनमापक पेटीत जागच्या जागी ठेवला आणि ते पुन्हा चहाकडे वळले. तेवढ्यात कोपऱ्यातून धाकटी म्हणाली, "छापताना चुकलं असेल."

बैठकीत शांतता पसरली. छापील पुस्तक चुकले असेल हा विचार आमच्या घरात ह्यापूर्वी कोणी बोलून दाखवला नव्हता. माझ्या मनात तो आला असता तर मी प्रथम हातपाय धुतले असते. गुरुजींनी डोळे मिटले. बाबा म्हणाले, "छापील पुस्तक आहे ते. किंमत दिलीय आपण." मामा म्हणाला, "लहान तोंडी मोठा घास घेऊ नये." आईने तिला दूध आणावयास पाठवले, आणि सभा पुन्हा किरकोळ घर्षणावर आली.

दुसऱ्या दिवशी मी बाबांच्या नोंदीसह ते उदाहरण वर्गात सादर केले. शिक्षकांनी वही दूर धरून, मग जवळ धरून पाहिली.

"रीत बरोबर आहे," ते म्हणाले. "उत्तरही पुस्तकाप्रमाणे आहे. फक्त ह्या दोघांची ओळख कुठे झाली ते दाखव."

"सर, आपण सोडवून दाखवता?"

त्यांनी पुस्तक घेतले, उदाहरण वाचले, मागचे पान पाहिले, पुन्हा उदाहरण वाचले, आणि पुस्तक मिटून शांत स्वरात निर्णय दिला, "हे परीक्षेला येत नाही."

ते खरोखरच आले नाही. ज्या वर्षी मी बारावीला बसलो त्या वर्षी महाशिवरात्र ऐन परीक्षेच्या तोंडावर आली होती, आणि खांदेश्वराच्या देवळाबाहेरच्या रांगेत माझ्यापुढचा मुलगा सूत्रांच्या चिठोऱ्या वाचीत होता व माझ्यामागचा त्या माझ्या खांद्यावरून पाहत होता. त्या गर्दीत मी देवापाशी गुण मागितले नाहीत, केवळ २.१ न्यूटनांचा पत्ता विचारला. गुण मिळाले. धाकटी पुढे पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन आता तोच विषय शिकवते, आणि आमच्याकडे आली की त्या पुस्तकाकडे पाहून हसते, पण टेबलाच्या प्रसंगापासून तिने आम्हांस काहीही समजावून देण्याचे सोडले आहे.

पुस्तक अद्याप माझ्या कपाटात आहे आणि बाबांची नोंदही त्यात जशीच्या तशी आहे. सबब वाचकांना विनंती की ३.५ पर्यंत नेणारी निर्वेध वाट कोणास ठाऊक असल्यास त्यांनी ती अवश्य कळवावी. उत्तर कळवू नये. ते आमच्यापाशी आहे. कोन मात्र तीस अंशांचाच धरावा, कारण तसा छापलेला आहे.